वरंध ते इटली : लष्करी दप्तरातून पूर्वजाचा माग

१. वरंध घाटाच्या पायथ्यापासून सावित्रीच्या खोऱ्यापर्यंत, म्हणजे आजच्या महाड आणि पोलादपूर तालुक्यांत, फौजेत गेलेल्या पूर्वजाची आठवण नाही असे गाव विरळाच. महाड तालुक्यातील एका आंबवडे गावाला तर ‘फौजी आंबवडे’ हेच नाव पडले आहे. या आठवणींत क्वचित एक वाक्य येते : ‘पणजोबा इटलीत होते.’ पुढे मात्र सारे धूसर असते. कोणत्या पलटणीत होते, लढत होते की कैदेत होते, परतले नसतील तर त्यांचे नाव आज कोठे कोरलेले आहे, हे घरात कोणाला ठाऊक नसते. ही उत्तरे लष्करी दप्तरात बहुधा सापडू शकतात; मात्र दप्तराला प्रश्न त्याच्याच भाषेत विचारावा लागतो.

२. आधी पार्श्वभूमी. सप्टेंबर १९४३ ते मे १९४५ या काळात भारतीय सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजन इटलीत लढल्या. भारत सरकारने २०२३ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक या मोहिमेत होते आणि त्यांपैकी ५,७८२ जणांना मरण आले. इटलीत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैनिकांना मिळाले. त्या सहांतील दोघे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे होते : नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव.

३. ‘इटलीत होते’ या शब्दांना दोन अर्थ असू शकतात, म्हणून पहिली निवड तेथेच करावी लागते. २१ जून १९४२ रोजी उत्तर आफ्रिकेतील तोब्रुक पडले. तेथे पाचव्या मराठ्यांची दुसरी बटालियन संरक्षणफळीवर होती आणि तिचे सैनिक शत्रूच्या हाती सापडले. उत्तर आफ्रिकेत पकडलेल्या अनेक भारतीय सैनिकांना समुद्रापार इटलीतील छावण्यांत नेण्यात आले. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीची शरणागती जाहीर झाली, तेव्हा छावण्यांतून निसटलेल्या कैद्यांना ठिकठिकाणच्या इटालियन शेतकऱ्यांनी आसरा दिला. म्हणजे एखादा पणजोबा इटलीत बंदूक न चालवताही वर्षभर राहिलेला असू शकतो.

४. हा निवाडा पुष्कळदा घरातल्या ट्रंकेतच होतो. ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळात सिसिली वा इटलीत मोहिमेवर असलेल्यांना ‘इटली स्टार’ हे सहा टोकांचे पदक मिळाले. त्याच्या फितीवर तांबडा, पांढरा, हिरवा, पांढरा, तांबडा असे समान पट्टे असतात. इटलीच्या निशाणाचेच ते रंग आहेत. ‘आफ्रिका स्टार’ची फीत वाळूच्या रंगाची असून तिच्या मधोमध रुंद तांबडा पट्टा असतो. घरात आफ्रिका स्टार आहे, इटली स्टार नाही, आणि तरीही इटलीची आठवण सांगितली जाते, अशा वेळी युद्धकैदेची शक्यता आधी तपासावी. युद्धकैद्यांच्या नोंदी जिनेव्यातील आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या अभिलेखागारातही आहेत.

५. पदक टाकून देऊ नये आणि घासूनपुसून चकचकीतही करू नये. भारतीय सैनिकांना दिलेल्या पदकांपैकी अनेकांच्या कडेवर किंवा मागे सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. यातील क्रमांक सर्वांत मोलाचा. नाव चुकू शकते. क्रमांकामुळे एकाच नावाचे दोन शिपाई वेगळे करता येतात.

६. केवळ नावावरून शोध का फसतो? नोंद इंग्रजीत, कानावर पडले तसे लिहून घेतलेली. जाधव, शिंदे, मोरे, कदम ही आडनावे तर शेकड्यांनी. ‘जाधव’ कधी ‘जाधाव’ लिहिले जाते, कधी ‘जाधाओ’. ‘मराठा’ शब्दाचे सरकारी इंग्रजी रूपही त्या काळी ‘मऱ्हाटा’ला जवळचे होते, जुन्या कागदांत ते तसेच शोधावे लागते. जिल्हा ‘रायगड’ म्हणून शोधला तर काहीच हाती लागणार नाही, कारण १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. गावाचे नाव तर ऐकणाऱ्या कारकुनाच्या मर्जीवर. म्हणून क्रम उलटा ठेवावा : आधी पलटण, मग क्रमांक किंवा तारीख, आणि नाव सर्वांत शेवटी.

७. पलटणींची नावे बदलत गेली, हा पुढचा अडसर. १७६८ साली उभी राहिलेली ‘जंगी पलटण’ पुढे १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली आणि १९२२ च्या पुनर्रचनेत पाचव्या मराठ्यांची पहिली बटालियन. ११० वी मराठा ही तिसरी बटालियन झाली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. म्हणून घरात ‘एकशेदहावी’ असा उल्लेख असेल, तर तो पूर्वज १९४४ च्या इटलीतला नसून बहुधा १९१६ च्या कूतमधला असतो. पुढे १९५२ मध्ये हीच तिसरी बटालियन पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि ‘दोन पॅरा’ झाली. तिसऱ्या बटालियनचा वारसा केवळ आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत शोधणाऱ्याला ही गोष्ट ठाऊक असायला हवी.

८. भारतीय शिपायाच्या वैयक्तिक नोंदीला ‘शीट रोल’ म्हणतात. भरतीची तारीख, वडिलांचे नाव, गाव, टपाल, तालुका, जिल्हा, उंची, अंगावरची खूण, जवळचा वारस, बढत्या आणि शिक्षा, असे एका माणसाचे लष्करी आयुष्य त्यात असते. हे कागद रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे जातात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावला आहे. वारसाने नात्याचा पुरावा जोडून लेखी विचारणा करावी लागते. त्याआधी अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी बोलावे, आणि घरात पेन्शनचा जुना कागद असेल तर त्यावरचा क्रमांक उतरवून घ्यावा.

९. आता एक उदाहरण. महाडच्या उत्तरेला लागून असलेल्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे यशवंत घाडगे तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने एका मजबूत ठाण्यावर हल्ला केला. मशीनगनच्या जवळून झालेल्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधला प्रत्येक जण ठार वा जखमी झाला. उभे राहिले ते एकटे सेक्शन कमांडर. ते एकटेच मशीनगनवर धावून गेले, हातबॉम्बने ती बंद पाडली, गनवरच्या एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले. वय अवघे बावीस.

१०. ही हकीकत नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमधील मानपत्रात आहे. मात्र त्यांचे नाव कोरलेले आहे ते कॅसिनोच्या स्मारकावर. ते स्मारक टायबरच्या त्या रणभूमीपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला आहे. पुष्कळ शोध येथेच चुकतात. ‘कॅसिनोवर नाव आहे, म्हणजे कॅसिनोच्या लढाईत पडले’ असा अर्थ कुटुंबे लावतात. वास्तविक त्या स्मारकावर, इटलीच्या मोहिमेत मरण आलेल्या आणि ज्यांची समाधी ज्ञात नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे आहेत. स्मारकावरून मृत्यूचे ठिकाण ठरत नाही. ते ठरते मृत्यूची तारीख आणि त्या दिवशी पलटण कोठे होती, या दोन गोष्टी जुळवून.

११. ‘समाधी नाही’ याचाही एक वेगळा अर्थ असू शकतो. हिंदू आणि शीख सैनिकांपैकी अनेकांना अग्नी देण्यात आला. त्यांची नावे स्वतंत्र दहनस्मारकांवर आहेत : सांग्रो नदीजवळच्या युद्धस्मशानभूमीत पाचशेहून अधिक, आणि फोर्ली येथे सातशेहून अधिक. पणजोबांची ‘कबर’ शोधत गेलेल्याला कबर मिळणार नाही, पण नाव मिळू शकेल. परक्या मुलखात अंत्यसंस्कार आपल्या रीतीने झाले का, हा प्रश्न ज्या घरात कधी विचारला गेला असेल, त्या घरासाठी दहनस्मारकावरचे नाव हेच उत्तर आहे.

१२. घाडग्यांच्या मानपत्रात एक रिकामी जागा आहे. सेक्शनमधले सारे ठार वा जखमी झाले, असे ते सांगते. त्यांची नावे मात्र सांगत नाही. शूराची गोष्ट लिहिताना बाकीचे एका वाक्यात संपतात. ही जागा भरता येते. कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाची नावांची सूची सर्वांना खुली आहे. तीत नाव न टाकता रेजिमेंट आणि तारीख टाकून शोध घेता येतो, आणि निघालेल्या नोंदींतून बटालियन पाहून नावे वेगळी काढता येतात. १० जुलै १९४४ आणि तिसरी बटालियन, एवढ्या दोन गोष्टींवर त्या दिवशी त्या पलटणीत पडलेल्यांची नावे समोर येतात. कित्येक नोंदींत वडिलांचे किंवा पत्नीचे नाव आणि गावही असते. १९१७ साली स्थापन झालेल्या या आयोगाचे तत्त्वच असे की, हुद्द्यावरून स्मरणात भेद करायचा नाही. व्हिक्टोरिया क्रॉसवाला नाईक आणि नवखा शिपाई यांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत कोरली जातात.

१३. तारीख आणि पलटण कळली की तिसरा कागद उघडतो : युद्धदैनंदिनी. प्रत्येक बटालियनला मोहिमेवर रोजची नोंद ठेवावी लागे. इटलीतल्या अशा दैनंदिन्या लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात, मुख्यतः ‘डब्ल्यू.ओ. १७०’ या वर्गात आहेत. त्यांत शिपायाचे नाव क्वचितच येते. येतो तो त्याचा दिवस. कूच कोठून कोठे, पाऊस, तोफमारा, किती जखमी. आठव्या डिव्हिजनमधल्या पहिल्या बटालियनचा माग काढणारा १९४४ च्या उन्हाळ्यात फ्लॉरेन्सजवळच्या माँतेगुफोनी किल्ल्यापाशी येऊन थांबतो. उफिझी संग्रहालयातील अनमोल चित्रे युद्धापासून वाचवण्यासाठी तेथे हलवली होती, त्यांत बोत्तिचेल्लीचे ‘प्रिमाव्हेरा’ही होते. त्या चित्रांवर काही काळ मराठा शिपायांचा पहारा होता.

१४. दप्तराची एक विचित्र रीत येथे ध्यानात येते. ते मेलेल्यांना जपते. जिवंत परतलेल्यांना सहज विसरते. आयोगाच्या सूचीत दुसऱ्या महायुद्धासाठी डिसेंबर १९४७ अखेरपर्यंतचे मृत्यू येतात. त्यानंतर गावी भाताची खाचरे कसत म्हातारा झालेला शिपाई तीत नसतो. नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना पाण्यातून वाचवले, शत्रूची मशीनगन ठाणी मोडली, आणि ते परत आले. त्यांची नोंद पदकामुळे टिकली. पदक न मिळालेल्या आणि परतलेल्या हजारोंसाठी शीट रोल, डिस्चार्जचा कागद आणि पेन्शनची नोंद एवढाच आधार आहे. यातला घरातला कागद वाळवी खाते, तेव्हा शोधाचे एक दार कायमचे बंद होते.

१५. सगळ्याच घरांचा माग पायदळातून लागत नाही. इटलीत खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या तुकड्या होत्या. गाड्या हाकणारे, खेचरे नेणारे, रस्ते बांधणारे, दवाखान्यांत राबणारेही होते. महार कुटुंबांच्या शोधात तर नोंदींमध्ये मोठी खिंडारे दिसतात, ती कागद हरवल्यामुळे नव्हेत. १८९० च्या दशकात सरकारने महारांची भरती बंद केली. महाडजवळच्या रावढुळचे निवृत्त लष्करी पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि काही वर्षांतच मोडली. महार रेजिमेंट आली ती १९४१ मध्ये. दोन पिढ्यांमधला कागद सापडत नाही, तेव्हा तेथे सरकारी धोरणाची सावली आहे का, हेही पाहावे लागते.

१६. कागद जपले की काय साधते, ते पंजाबने दाखवले आहे. पहिल्या महायुद्धातील तेथील गावोगावच्या सैनिकांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात शंभर वर्षे पडून होत्या. २०२१ मध्ये त्या लोकांसाठी खुल्या होऊ लागल्या आणि परदेशांत वाढलेल्या नातवंडा-पतवंडांना खापरपणजोबांचे गाव सापडले. कोकणात हे काम गावपातळीवर सुरू करता येईल. पदकांच्या कडा वाचणे, डिस्चार्जच्या कागदांची छायाचित्रे घेणे, नव्वदीतल्या आजींकडून पलटणीचे नाव आणि पत्रांची आठवण टिपून घेणे, यांना परवानगी लागत नाही, खर्चही फारसा येत नाही.

१७. जुलै २०२३ मध्ये इटलीतील पेरूजा प्रांतात, माँतोने या गावी, यशवंत घाडगे यांच्या नावाने एक स्मारक उभे राहिले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. त्यावरील लॅटिन ब्रीदाचा अर्थ ‘सारे एकाच सूर्याखाली’ असा होतो. एका शिपायाचे नाव तारखेसह आणि जागेसह टिकले, म्हणून एकोणऐंशी वर्षांनी परक्या गावाला ते आपल्या चौकात आणता आले. त्या दिवशी त्यांच्यासोबत पडलेल्यांची नावे आयोगाच्या सूचीत आहेत. ती एकेक करून वाचणे आणि प्रत्येकापुढचे गाव कुलाबा, रत्नागिरी, सातारा यांच्या जुन्या नकाशावर शोधणे, हे काम अजून कोणीही हाती घेऊ शकते.