गोदीतली आग आणि हुकूम कोणाचा?

मैत्रिणींनो, १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. तो कशावरून, ते आज सांगतो. १९४४ साली, महायुद्ध चालू असताना, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज उभं होतं. पोटात कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठी आणि सुमारे १४०० टन दारूगोळा. चुलीशेजारी रॉकेलचा डबा आपण तरी ठेवतो का?

दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब आले, पाण्याचा मारा सुरू झाला. पण पुढं काय? एक म्हणे जहाज इथंच बुडवा, दुसरा म्हणे गोदीबाहेर न्या, तिसरा म्हणे पाणी मारत राहा. कप्तान, गोदीचे अधिकारी, दारूगोळ्याचे जाणकार, बंबांचे प्रमुख, सगळे हजर. सगळ्यांनी मानावा असा हुकूम मात्र एकाचाही नव्हता. दोन तास त्यातच गेले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा.

अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या घरी संध्याकाळी वाट बघत बसलेल्या बाया आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. जवान नेमून दिलेलं काम करत होते. जहाज बुडवायचं की बाहेर न्यायचं, हे ठरवणं त्यांच्या हातात नव्हतं.