अनियमित मिळकत आणि घराची बचत : पावसाळ्याच्या चार महिन्यांचा हिशेब

गोव्यातील अनेक कुटुंबांची मिळकत महिन्याच्या एक तारखेला येत नाही, ती मोसमाबरोबर येते. पर्यटक टॅक्सीचालक, शॅकवरील कामगार, भाड्याने दुचाकी देणारे, मंडप आणि प्रकाशयोजनेची कामे करणारे, रेंदेर, गवंडी, रंगारी या सर्वांचे वर्ष साधारणपणे ऑक्टोबरात सुरू होते आणि मे महिन्याच्या अखेरीस मंदावते. यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. अशा कुटुंबाने स्वतःच्या घराचे स्वप्न पाहणे गैर नाही. मात्र पगारदारासाठी सांगितलेले बचतीचे नियम त्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

सरासरी फसवी असते

पगारदार मनुष्य दरमहा उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा बाजूला काढू शकतो. अनियमित मिळकतीत आधी हे ठरवावे लागते की, घर चालवण्यासाठी दरमहा किती रक्कम पुरेशी आहे. ही रक्कम वर्षभर सारखी ठेवायची आणि मोसमातील जादा उत्पन्नाला घरखर्चाची वाट दाखवायची नाही, हे या काटकसरीचे मुख्य सूत्र आहे.

उदाहरणादाखल एका कल्पित कुटुंबाचा हिशेब पाहता येईल. मोसमाच्या आठ महिन्यांत व्यवसायाचा खर्च वजा जाता दरमहा ४५ हजार रुपये आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत दरमहा १२ हजार रुपये हाती येतात. वर्षाची बेरीज ४ लाख ८ हजार, म्हणजे महिन्याची सरासरी ३४ हजार होते. सरासरीइतका खर्च करणाऱ्या या कुटुंबाकडे वर्षअखेरीस काहीच उरणार नाही. भाड्यासह घरखर्च २२ हजारांवर बांधला, तर पावसाळ्यात दरमहा १० हजारांची, एकूण ४० हजारांची तूट येते. ती भरून काढण्यासाठी मोसमात दरमहा ५ हजार वेगळे ठेवावे लागतात. त्यानंतर घरासाठी दरमहा १८ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार रुपये उरतात.

यासाठी तीन खाती सोयीची ठरतात. सर्व मिळकत पहिल्या खात्यात जमा व्हावी. त्यातून ठरलेल्या दिवशी घरखर्चाची ठरावीक रक्कम दुसऱ्या खात्यात जावी, जणू कुटुंबाने स्वतःलाच दिलेला पगार. उरलेल्या रकमेतून पावसाळ्याची तजवीज पहिल्याच खात्यात राहू द्यावी आणि घराची बचत तिसऱ्या खात्यात वळवावी. त्या खात्याचे एटीएम कार्ड न घेतलेलेच बरे.

बेगमीची जुनी रीत

ही कल्पना गोव्याला नवी नाही. पुरुमेंताच्या फेस्तातून सुके मासे, सुक्या मिरच्या, आमसुले, चिंच, कांदे यांची खरेदी मे महिन्यात होते, कारण पुढचे चार महिने कसे असतात याचा अनुभव पिढ्यांनी घेतलेला आहे. धान्यमसाल्याची जशी बेगमी, तशीच पैशाचीही करावी लागते. शाळांचा खर्च जूनमध्ये येतो आणि चवथीचा खर्च पावसाळा सरता सरता, म्हणजे वर्षातले दोन मोठे खर्च नेमके मिळकत आटलेली असताना दारात उभे राहतात. त्यांची रक्कम एप्रिलपर्यंत बाजूला पडली नसेल, तर सावकार, सोनेतारण किंवा घराची बचत यांपैकी एकाकडे हात जातो.

काटकसरीलाही मर्यादा हवी. टॅक्सीची देखभाल, बोटीची डागडुजी, कारागिराची अवजारे यांवरील खर्च टाळला, तर पुढच्या मोसमाची मिळकतच घटते. आरोग्याचेही तसेच. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत पात्र गोमंतकीय कुटुंबाला तीन जणांपर्यंत अडीच लाख, तर चार वा अधिक जणांसाठी चार लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण मिळते. तिच्या कार्डाचे नूतनीकरण चुकू न देणे ही मोठी बचत होय.

पैसा कोठे ठेवावा

रोज थोडी मिळकत असणाऱ्यांना पिग्मीची पद्धत परिचित आहे. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केलेल्या या योजनेत प्रतिनिधी दारी येऊन छोटी रक्कम गोळा करतो. शिस्त लागण्यास ती उत्तम आहे. मात्र मुदतीपूर्वी रक्कम काढल्यास कपात होते का, हे आधी विचारावे.

टपाल खात्याच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत दरमहा हप्ता भरावा लागतो. लागोपाठ चार हप्ते चुकल्यास खाते खंडित होते आणि दोन महिन्यांत पुनरुज्जीवित न केल्यास त्यात पुढे भरणा करता येत नाही. पावसाळाही चारच महिन्यांचा असतो, हे ध्यानात घेऊन पुढील हप्ते मोसमातच आगाऊ भरावेत. तशी सोय या योजनेत आहे.

बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत पाच लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे. नागरी सहकारी बँकाही त्यात येतात, पण सहकारी पतसंस्था येत नाहीत. नोंदणी नसलेल्या भिशीला तर ओळखीपाळखीखेरीज कोणताच आधार नसतो. घराचा सगळा पैसा अशा एकाच ठिकाणी ठेवू नये.

नव्वद दिवस आणि चार महिने

खरी कसोटी कर्ज घेतल्यानंतर सुरू होते. कर्जाचा हप्ता नव्वद दिवसांहून अधिक काळ थकला की ते खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक साठ दिवसांची नोटीस देऊन तारण मालमत्तेचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. जून ते सप्टेंबर हा काळ १२२ दिवसांचा आहे. ५ जूनचा हप्ता चुकला आणि पुढचेही भरले गेले नाहीत, तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच ही मर्यादा ओलांडली जाते. ‘मोसम सुरू झाला की भरू’ हा भरवसा येथे उपयोगी पडत नाही.

वरील कुटुंबाने साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी १५ लाखांचे कर्ज घेतले, तर हप्ता सुमारे १३ हजार रुपये येतो आणि वर्षाला सुमारे १ लाख ५६ हजार भरावे लागतात. नव्या घरात राहायला गेल्यावर समजा सात हजारांचे भाडे वाचले, तर हा भार पेलतो. पण इमारतीचे काम चालू असताना भाडे आणि पूर्ण हप्ता एकाच वेळी सुरू राहिले, तर १ लाख ४४ हजारांची बचत अपुरी पडते. म्हणून तयार घर की बांधकाम चालू असलेले, हा प्रश्न अशा कुटुंबासाठी केवळ आवडीचा नसतो. शिवाय पावसाळ्यातील चार हप्त्यांचे सुमारे ५२ हजार रुपये दरवर्षी मे अखेरपर्यंत हप्त्याच्या खात्यात असलेच पाहिजेत.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम मिळू शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च बहुतांशी स्वतःच्या खिशातून करावा लागतो. पगारपत्रक नसलेल्या अर्जदाराकडे बँका सहसा दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे आणि खात्याचे उतारे मागतात. रोखीची मिळकत बँकेत न भरणाऱ्याचे उत्पन्न कागदावर दिसत नाही, त्यामुळे बचतीबरोबर नोंदींचीही सुरुवात लवकर करावी. शहरी भागात, देशात कोठेही पक्के घर नसलेल्या आणि वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांसाठी प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत व्याज अनुदानाची तरतूद आहे. त्यासाठी कर्ज २५ लाखांच्या आणि घराची किंमत ३५ लाखांच्या आत असावी लागते.

विसार देण्यापूर्वी

वर्षानुवर्षांची बचत एका सहीने अडकू शकते. रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत विक्री कराराशिवाय विकासकाला दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. गावातील जमिनीसाठी एक-चौदाच्या उताऱ्यावर कूळ वा मुंडकार म्हणून कोणाचे नाव आहे का, हे पाहावे. रूपांतराची सनद आणि बोजा नसल्याचा दाखला तपासावा. गोव्याच्या नागरी संहितेमुळे विवाहित विक्रेत्याच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीस पती-पत्नी दोघांचीही संमती लागते. एकाच्याच सहीवर विसार देणे धोक्याचे आहे.

कर्जासाठी अर्ज करण्यापूर्वी हप्त्याची रंगीत तालीम करता येते. संभाव्य हप्ता आणि सध्याचे भाडे यांतील फरकाची रक्कम वर्षभर, पावसाळ्यासह, दरमहा वेगळ्या खात्यात भरावी. कर्ज न काढता, दागिने गहाण न ठेवता आणि घराच्या मूळ बचतीला हात न लावता चवथ पार पडली, तर तो हप्ता झेपण्याजोगा आहे. मध्येच भरणा थांबला, तर कर्जाची रक्कम कमी करावी किंवा आणखी एक मोसम थांबावे. भाड्याच्या घरातले एक जादा वर्ष घेतलेले घर गमावण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.