भिवंडीच्या वेशीबाहेरचे घर

भिवंडी म्हटले की डोळ्यांपुढे यंत्रमाग उभे राहतात आणि कानांत त्यांची खटखट घुमू लागते. १८५७च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमागाचा व्यवसाय वाढवला, विसाव्या शतकात त्याची जागा यंत्रमागाने घेतली आणि घराच्या भिंतीला लागून कारखाना, कारखान्याच्या वर पुन्हा घर, अशा रीतीने शहर घडत गेले. २००१ मध्ये भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका स्थापन झाली. जेमतेम २६ चौरस किलोमीटरच्या या हद्दीत २०११च्या जनगणनेच्या वेळी सुमारे ७ लाख १० हजार माणसे राहत होती. म्हणजे दर चौरस किलोमीटरला जवळपास २७ हजार. सप्टेंबर २०२० मध्ये पटेल कंपाउंडमधील 'जिलानी' ही इमारत मध्यरात्रीनंतर कोसळून चाळीसच्या आसपास रहिवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा या दाटीची किंमत साऱ्या देशाने पाहिली. चार पैसे गाठीला जमलेले कुटुंब शहराच्या वेशीबाहेर घर शोधू लागले तर त्यात नवल नाही. ठाणे, मुलुंड, डोंबिवलीकडील निवृत्तीच्या उंबरठ्यावरील मंडळीही आता याच तालुक्यात 'शांत जागा' शोधत येतात.

मात्र वेशीबाहेरची भिवंडी एकसारखी नाही. ठाण्याच्या बाजूला, कशेळी पूल ओलांडल्यावर लागणारी कशेळी, काल्हेर, पूर्णा ही गावे आता नावापुरतीच गावे राहिली आहेत. तेथे उंच इमारतींची संकुले आहेत आणि घोडबंदर मार्गापेक्षा स्वस्त दर हे त्यांचे मुख्य आकर्षण. ज्याला विरळ वस्ती म्हणता येईल ती उत्तरेला आणि पूर्वेला आहे: वाडा रस्त्यावर अनगाव, अंबाडी, नाशिक महामार्गावर पडघ्याच्या आसपास, आणि तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोलीचा पट्टा. वसईच्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी बांधवलेले वज्रेश्वरीचे मंदिर, गरम पाण्याची कुंडे, १९६१ मध्ये समाधिस्थ झालेले नित्यानंद स्वामी आणि मुक्तानंदांचा आश्रम यांमुळे या पट्ट्यात बाहेरगावच्या माणसांची ये-जा जुनी आहे. भाताची खाचरे, आंब्याची कलमे, मागे मंदाग्नीचे डोंगर आणि संध्याकाळी सातनंतर सामसूम. बंगल्याच्या भूखंडांची जाहिरात करणाऱ्यांना याहून अधिक काही सांगावे लागत नाही.

खरेदीदाराने नेमके येथेच थांबून एक प्रश्न विचारायला हवा. ही शांतता कशामुळे आहे? शेजारची जमीन मोकळी ठेवण्याचे बंधन आहे म्हणून, की तिला अद्याप गिऱ्हाईक मिळालेले नाही म्हणून?

या तालुक्यात हा प्रश्न इतर कोठल्याही उपनगरापेक्षा अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण येथील जमिनीचा सर्वांत किफायतशीर उपयोग घर हा नसून गोदाम हा आहे. मुंबई, ठाण्यात जकात होती त्या काळात जकातीच्या हद्दीबाहेर, तरीही महानगराच्या दारात माल साठवण्याची सोय भिवंडीच्या ग्रामपंचायतींनी पुरवली. माणकोली, दापोडे, वळ, राहनाळ, पूर्णा या गावांत भातशेतीच्या जागी पत्र्याच्या शेडांची रांग उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, जकातीचे कारण संपले. गोदामे मात्र उठली नाहीत. उलट मोठ्या कंपन्यांना आता राज्याराज्यांत लहान गोदामे ठेवण्याची गरज उरली नाही आणि एकाच ठिकाणी प्रचंड गोदाम घेणे परवडू लागले. ऑनलाइन खरेदीने त्यात भर घातली. एक एकर भातशेतीचे वार्षिक उत्पन्न आणि त्याच एकरावरील शेडचे मासिक भाडे यांची तुलना कोणताही शेतकरी सहज करतो, आणि त्याला दोष देता येणार नाही.

गोदाम शेजारी आले की प्रथम बदलतो तो रस्ता. ठाणे शहरात अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी मज्जाव असल्याने मालाची मोठी हालचाल रात्री होते. बारा-चौदा चाकांचे ट्रेलर गावच्या अरुंद रस्त्यावर वळण घेतात, मागे घेताना भोंगा वाजत राहतो, गटाराच्या कडा तुटतात. दिवसा घर पाहायला आलेल्या माणसाला यातले काहीच दिसत नाही. म्हणून जागा पाहण्याची एक फेरी रात्री अकरानंतर करणे कोणत्याही दलालाच्या आश्वासनापेक्षा उपयोगी पडते.

दुसरी फेरी कागदांची. २००७ मध्ये राज्य शासनाने भिवंडीलगतच्या ५१ गावांसाठी एमएमआरडीएला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. त्यापूर्वी आणि त्यानंतरही या गावांत परवानगीविना असंख्य बांधकामे झाली आणि उच्च न्यायालयाला त्यांची दखल घ्यावी लागली. उरलेली गावे प्रादेशिक योजनेच्या कक्षेत येतात. तेव्हा आपले गाव कोणत्या यादीत आहे, याची खातरजमा करून संबंधित कार्यालयातून झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भाग-नकाशा घ्यावा. सामान्यतः खरेदीदार केवळ स्वतःच्या गट क्रमांकाचा दाखला मागतो. चतुर माणूस चारही चतुःसीमांच्या गटांचा मागतो. आपला भूखंड निवासी विभागात आणि कुंपणापलीकडचा औद्योगिक वा गोदामांसाठीच्या विभागात असेल, तर खिडकीतून दिसणारे हिरवे शेत ही निव्वळ तात्पुरती सोय आहे. शेजारी हरित विभाग किंवा वनजमीन असेल, तर शांततेला निदान कायद्याचा आधार आहे. नकाशावरील प्रस्तावित रस्त्यांची रुंदीही तितकीच बोलकी असते. मोठ्या रुंदीचा रस्ता कोणी बंगल्यांसाठी आखत नाही.

सात-बारा उतारा आता घरबसल्या पाहता येतो, पण तो वाचता आला पाहिजे. 'भोगवटादार वर्ग २' अशी नोंद असल्यास शासनाच्या परवानगीविना हस्तांतर होत नाही. वज्रेश्वरी, अंबाडीच्या बाजूला वारली, कातकरी यांचे पाडे आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला घेण्यास महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. ती नसलेला व्यवहार कितीही वर्षांनी उलटू शकतो. 'इतर हक्क' या रकान्यात कुळाची नोंद आहे काय, आणि १९७५च्या खासगी वने संपादन कायद्याचा शेरा आहे काय, हेही पाहावे. या शेऱ्याची धास्ती ठाणे जिल्ह्यातील जुन्या घरमालकांना चांगली ठाऊक आहे. किमान तीस वर्षांचे फेरफार वकिलाकडून तपासून घेण्याचा खर्च घराच्या किमतीपुढे नगण्य असतो.

सर्वाधिक फसगत 'फार्महाउस प्लॉट' या गोंडस नावाखाली होते. चाळीस गुंठ्यांचा एकर पाच-पाच गुंठ्यांत कापून, मध्ये मुरुमाचा रस्ता टाकून, दारात कमान उभारून तो विकला जातो. जमीन शेतीची असेल तर ती घेण्यासाठी मुळात खरेदीदार शेतकरी असावा लागतो, आणि या परिसरात शेतघर बांधण्यास किमान ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकर धारणक्षेत्राची अट आहे. तुकडेबंदीच्या १९४७च्या कायद्यातील निर्बंध नागरी व नियोजित क्षेत्रांत सैल करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ मध्ये घेतला, याचा हवाला आता विक्रेते देतात. पण तुकड्याचा व्यवहार नियमित होणे वेगळे आणि त्यावर घर बांधण्याची परवानगी मिळणे वेगळे. मंजूर रेखांकन आणि अकृषिक परवानगी असलेला भूखंड महाग पडतो, तो यासाठीच.

ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणि घरपट्टीची पावती या दोन कागदांवर या तालुक्यात अनेक घरे विकली गेली. घरपट्टी भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही. अशा इमारतीचा नकाशा कोणी तपासलेला नसतो, पायाची खोली आणि खांबांची जाडी कोणी मोजलेली नसते. २९ एप्रिल २०२३ रोजी वळ येथील तीन मजली इमारत दुपारी कोसळली. खाली गोदाम, वर कामगारांची बिऱ्हाडे अशी तिची रचना होती. आठ जणांचा बळी गेला. स्वस्त भाड्याची वा स्वस्त मालकीची खोली गोदामाच्या डोक्यावर असेल, तर खालच्या मालाचा भार कोणत्या हिशेबाने पेलला जातो हे विचारण्याचा हक्क वर राहणाऱ्याला आहे. बँकेने त्या घराला कर्ज नाकारले, एवढी खूणही पुरेशी समजावी.

नव्या प्रकल्पांबाबत मे २०१७ पासून महारेराचा आधार आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक आणि घरे आठाहून अधिक असतील तर नोंदणी सक्तीची आहे आणि हा नियम भूखंडांच्या योजनांनाही लागू होतो. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. सात-आठ बंगल्यांच्या छोट्या योजना मात्र अनेकदा या चौकटीत बसत नाहीत, आणि शांत वस्तीच्या शोधात निघालेला माणूस बहुधा अशाच योजनेकडे वळतो.

विजेच्या बाबतीत जुन्या भिवंडीची ख्याती वाईट होती. जानेवारी २००७ मध्ये वितरणाचे काम टोरंट पॉवरकडे फ्रँचायझी तत्त्वावर गेले. देशातील असा तो पहिलाच प्रयोग. पाण्याचा प्रश्न अधिक बिकट. मुंबईची तहान भागवणारे पिसे-पांजरापूरचे प्रकल्प याच तालुक्यात आहेत आणि जाडजूड जलवाहिन्या गावांच्या शेतांतून जातात. पण जलवाहिनी दारावरून गेली म्हणजे नळाला पाणी येते असे नाही. विरळ वस्तीचे घर बहुधा कूपनलिकेवर चालते. तिला एप्रिल-मेमध्ये किती पाणी असते हे शेजारच्या पाड्यावरील बाई विक्रेत्यापेक्षा अचूक सांगेल.

जागेची तिसरी फेरी जुलैत करावी. खाडीलगतच्या खाजणात आणि कामवारीच्या काठी भराव टाकून उठवलेल्या भूखंडांचे खरे रूप पावसातच दिसते. एकाने भराव टाकला की पाणी शेजाऱ्याच्या खाचरात जाते आणि मग सगळेच एकमेकांहून उंच होऊ पाहतात.

दळणवळणाची आश्वासने विक्रेते सर्वप्रथम देतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि आमणे तर याच तालुक्यातले. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. परंतु तो मार्ग अनगाव-गणेशपुरीकडे जात नाही. वसई-दिवा मार्गावरील भिवंडी रोड स्थानकावर गाड्या मोजक्याच असल्याने नोकरदाराला ठाणे किंवा कल्याण गाठावेच लागते. शिवाय ज्या रस्त्यामुळे आपण लवकर पोहोचतो त्याच रस्त्याने ट्रेलरही लवकर पोहोचतात. आमण्याच्या जोडरस्त्यालगत पुढे काय उभे राहील याचा अंदाज बांधण्यास फारशी कल्पकता लागत नाही.

ताबा मिळाल्यावर बंगलेधारकांपुढे जो वाद हमखास उभा राहतो तो अंतर्गत रस्त्याचा आणि मोकळ्या जागेचा. मोठ्या रेखांकनात साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. तिची आणि रस्त्यांची मालकी मूळ जमीनमालकाच्या नावेच राहिली, तर काही वर्षांनी त्याच रस्त्याने मागच्या शेतातील गोदामाला वाट देण्यापासून त्याला कोण अडवणार? म्हणून खरेदीखत करतानाच भूखंडधारकांची सहकारी संस्था केव्हा स्थापन होईल, रस्ता व मोकळी जागा तिच्या नावे केव्हा होईल आणि त्या रस्त्यावर बाहेरच्या गटांना वहिवाटीचा हक्क दिला आहे काय, ही तीन कलमे लेखी असावीत. मागच्या शेतकऱ्याची बैलगाडी पूर्वापार तेथून जात असेल, तर ती वहिवाट राहणारच. फक्त ती बैलगाडीपुरती की ट्रकसाठीही, एवढे दस्तात स्पष्ट करून घ्यावे.