केरसुणीची लक्ष्मी

आश्विन अमावास्येला आपण घरोघरी लक्ष्मीपूजन करतो. पाटावर नाणी, दागिने, लाह्या-बत्तासे मांडतो आणि नव्या केरसुणीलाही हळदकुंकू वाहतो. घरातली अलक्ष्मी झाडून काढते, म्हणून ती लक्ष्मी. पण ही लक्ष्मी घडवली कोणी? शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधणे, दोर वळणे ही कामे गावगाड्यात मातंग समाजाकडे होती. मोबदला म्हणून सुगीत बलुत्याचे धान्य मिळे. केरसुणी पूजेला बसे; ती बांधणारा मात्र उंबऱ्याबाहेरच उभा राही. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता रद्द झाली. दिवाळीत केरसुणी घेताना मी घासाघीस करत नाही. ते हात आठवल्याशिवाय ही पूजा पुरी होत नाही, असे मला वाटते.