बाटलीतली बाळं आणि आमच्या घरातले चष्मे

परवा रात्री 'गॅटाका' पुन्हा एकदा पाहिला. १९९७ सालचा सिनेमा. या वेळी लेक शेजारी बसली होती. त्यात एक प्रसंग आहे. नायकाला, म्हणजे व्हिन्सेंटला, पकडले जाण्याच्या भीतीने डोळ्यांतल्या लेन्स काढून टाकाव्या लागतात आणि मग तशाच धूसर नजरेने भरधाव गाड्यांचा रस्ता ओलांडावा लागतो. आम्ही दोघांनीही नकळत आपापले चष्मे नाकावर नीट बसवले. माझा उणे आठ, तिचा आत्ताच उणे सहा. माझ्या वडिलांचाही असाच जाड भिंगांचा होता. वडिलोपार्जित इस्टेट म्हणायची ती एवढीच!

सिनेमा संपल्यावर ती म्हणाली, "बाबा, माझ्या वेळी तुला कुणी विचारलं असतं, तर तू काय निवडलं असतंस?"

मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग आजवर वाचलेल्या या धर्तीच्या विज्ञानकथा एकामागून एक आठवत बसलो, आणि एक गंमत लक्षात आली. प्रत्येक काळातल्या कथेतला गुन्हेगार वेगळा आहे.

एच. जी. वेल्सची डॉक्टर मोरोच्या बेटाची कादंबरी १८९६ सालची. 'जीन' हा शब्दसुद्धा १९०९ सालचा, त्यामुळे मोरोच्या हातात नुसती सुरी आहे. जनावरांना कापून-शिवून तो माणसं घडवू पाहतो. गुन्हेगार कोण? एकटा, माथेफिरू शास्त्रज्ञ. वाचकाला सोयीचं. आपण काही मोरो नाही, पुस्तक मिटून झोपायला मोकळे.

१९२३ साली केंब्रिजमध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी एक निबंध वाचला, 'डीडॅलस'. पुढच्या वर्षी तो पुस्तकरूपाने आला. त्यात भविष्यातला एक विद्यार्थी मागे वळून सांगतो की आईच्या पोटाबाहेर वाढवलेलं पहिलं मूल १९५१ मध्ये जन्मलं. सूर एकंदरीत उत्साहाचा. अल्डस हक्स्ली यांची हाल्डेन कुटुंबाशी जुनी ओळख. त्यांनी १९३२ मध्ये तीच कल्पना उचलली आणि उलटी करून दाखवली. 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये बाळं बाटल्यांत वाढतात, एका गर्भापासून शहाण्णव जुळी काढता येतात आणि खालच्या वर्गाच्या गर्भांना मुद्दाम प्राणवायू कमी देतात, म्हणजे पुढे बुद्धी कमी आणि तक्रारही कमी. इथे गुन्हेगार सरकार.

आणि हे काही हवेतलं भय नव्हतं. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीची सक्तीची नसबंदी वैध ठरवली होती. निकाल आठ विरुद्ध एक. जर्मनीने जुलै १९३३ मध्ये तसाच कायदा केला आणि सुमारे चार लाख लोकांवर तो चालवला. हे करणारे स्वतःला सुधारकच समजत होते. खुद्द हक्स्लींनीही त्या काळात सुप्रजननाच्या बाजूने लिहिलेलं आहे, आणि त्यांचे थोरले बंधू ज्यूलियन तर पुढे ब्रिटनच्या सुप्रजनन संस्थेचे अध्यक्षच झाले. हाल्डेन मात्र बदलले. १९३८ मध्ये त्यांनी सक्तीच्या नसबंदीमागचं शास्त्र किती कच्चं आहे ते पुस्तक लिहून मांडलं. १९५७ मध्ये ते भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

आता 'गॅटाका'. इथे माथेफिरू डॉक्टर नाही, हुकूमशहाही नाही. जनुकांवरून भेदभाव करायला कायद्याने चक्क बंदी आहे, फक्त ती कुणी पाळत नाही. दवाखान्यात एक जोडपं बसलंय. आजार नकोत, बाकी थोडं नशिबावर सोडू, असं ते बिचकत म्हणतं. डॉक्टर गोड शब्दांत त्यांना पुढे नेतो. गुन्हेगार शोधायला जावं तर समोर प्रेमळ आईबाप!

खरं सांगायचं तर हे आपल्याला नवीन नव्हतं. १९८० च्या दशकात गर्भजलपरीक्षेच्या जाहिराती लागत, आत्ता पाचशे खर्च करा, पुढचे पन्नास हजार वाचवा, अशा अर्थाच्या. महाराष्ट्राने १९८८ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे राज्यात १९९१ ला ९४६ मुली होत्या, त्या २००१ ला ९१३ झाल्या. कुठल्याही सरकारने सक्ती केली नव्हती. घरोघरी चहाच्या कपावर ठरलं. आमच्याच नात्यात दोन मुलींनंतर बऱ्याच वर्षांनी मुलगा झालेली घरं आहेत. मधल्या वर्षांबद्दल तिथे कुणी बोलत नाही. हे वाचणाऱ्या काहींना कळेल मी काय म्हणतोय. मीही तेव्हा विचारलं नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनच्या हे जियानकुई यांनी जनुकं बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचं जाहीर केलं. वडिलांना एचआयव्ही होता, मुलींना पुढे होऊ नये म्हणून हा खटाटोप. खरं तर वडिलांचा संसर्ग बाळापर्यंत पोचू न देण्याचे साधे उपाय आधीच उपलब्ध होते. त्यांना डिसेंबर २०१९ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. त्या आईबापांनी मात्र संमती दिली होती.

म्हणून सगळंच वाईट का? नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने सिकलसेलवरच्या जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता दिली. आपल्या विदर्भात, नंदुरबारकडे ज्यांनी या दुखण्याचे झटके पाहिलेत, त्यांना नीतीचे धडे द्यायची माझी हिंमत नाही. त्यात बदल रुग्णाच्या स्वतःच्या पेशींत होतो, पुढच्या पिढीत जात नाही, आणि संमती देणारा तो स्वतः असतो किंवा त्याचे पालक, डोळ्यांसमोरच्या वेदनेसाठी. न जन्मलेल्याला कोण विचारणार?

काल लेकीला खरं उत्तर दिलं. म्हटलं, मी चष्मा काढून टाकायला सांगितला असता. तेवढ्यावर थांबलोही नसतो. उंची, रंग, गणित... डॉक्टर विचारत गेला असता आणि मी हो म्हणत गेलो असतो. शेवटी तू आली नसतीस, दुसरीच कुणीतरी आली असती आणि मला पत्ताही लागला नसता.

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "गणिताचं चाललं असतं."