क्षारांची नावे : एका अक्षरात औषध, एका अक्षरात विष

गोळ्यांच्या पाकिटावर ‘फेरस सल्फेट’, ‘कॅल्शियम कार्बोनेट’ अशी नावे छापलेली असतात. बहुतेक जण ती न वाचताच गोळी घेतात. खरे तर अशा नावातच पदार्थाची पूर्ण ओळख असते. ही सोय मात्र फार जुनी नाही.

पूर्वी क्षारांना रंगावरून, गावावरून किंवा माणसावरून नावे पडत. आपल्याकडे मोरचूद, हिराकस, नवसागर ही नावे रूढ होती. इंग्लंडमधील एप्सम गावच्या झऱ्यातून मिळाले ते ‘एप्सम सॉल्ट’, तर ग्लाउबर या रसायनज्ञाच्या नावाने ‘ग्लाउबर सॉल्ट’. दोन्ही रेचक. पण पहिल्यात मॅग्नेशियम आणि दुसऱ्यात सोडियम आहे, हे नावावरून कळायला मार्ग नव्हता.

पाऱ्याच्या बाबतीत हे अज्ञान धोक्याचे होते. ‘कॅलोमेल’ आणि ‘कोरोसिव्ह सब्लिमेट’ हे दोन्ही पांढरे पदार्थ पारा आणि क्लोरीन यांचेच. कॅलोमेलमध्ये पाऱ्याच्या एका अणूमागे क्लोरीनचा एक अणू असतो. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून जुलाबाचे औषध म्हणून सर्रास दिला जाई. (तोही निर्धोक नव्हता, आज तो पोटात देत नाहीत.) दुसऱ्यात क्लोरीनचे दोन अणू असतात. तो सहज विरघळतो आणि जहाल विष आहे. गंमत म्हणजे ‘कॅलोमेल’ हे नाव ‘सुंदर’ आणि ‘काळा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून आले आहे, आणि पूड आहे पांढरी!

हा गोंधळ निस्तरण्यासाठी १७८७ मध्ये पॅरिसमध्ये एक पुस्तक निघाले. ते लिहिणारे चौघे : गितों द मोर्व्हो, लव्हाझिए, बर्थोले आणि फुर्क्र्वा. त्यांचे तत्त्व साधे होते : पदार्थात जे आहे तेच त्याच्या नावात असावे. १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे सांगितले आणि पुढे ‘क्लोराईड’ हे नाव रूढ झाले.

आज शाळेत शिकवतात ते नियम याच विचारातून आले. आधी धन आयनाचे, म्हणजे बहुधा धातूचे नाव. नंतर ऋण आयनाचे. ऋण आयन एकाच मूलद्रव्याचा असेल तर शेवटी ‘आईड’ : सोडियम क्लोराईड. सोबत ऑक्सिजन असेल तर ‘एट’ : सल्फेट. ऑक्सिजन त्याहून कमी असेल तर ‘आईट’ : सल्फाईट. धातूचे दोन प्रभार संभवत असतील तर कमी प्रभाराला ‘अस’ आणि जास्तीला ‘इक’. म्हणून कॅलोमेल झाला मर्क्युरस क्लोराईड आणि ते विष मर्क्युरिक क्लोराईड.

‘अस’ आणि ‘इक’ यांवरून नेमका प्रभार कळत नाही. म्हणून १९१९ मध्ये जर्मन रसायनज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांनी तो अंकाने लिहिण्याची सूचना केली. पुढे त्यासाठी कंसातील रोमन अंक रूढ झाले. याच स्टॉक यांना प्रयोगशाळेतील पाऱ्याच्या वाफेने विषबाधा झाली होती. डोकेदुखी आणि विस्मरण यांनी ते अनेक वर्षे त्रस्त होते. १९२६ मध्ये त्यांनी स्वतःचा अनुभव प्रसिद्ध करून इतरांना सावध केले.

आता आपल्या उपयोगाचे. एक्स-रेपूर्वी पाजतात ते बेरियम सल्फेट विरघळत नाही, म्हणून सुरक्षित असते. बेरियम सल्फाईड किंवा कार्बोनेट पोटात गेले तर जिवावर बेतू शकते. लोहाच्या गोळ्यांत ‘फेरस’ रूप आतड्यातून अधिक सहज शोषले जाते. ‘कमी सोडियमच्या’ मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराईड असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण रक्तातील पोटॅशियम वाढल्यास हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

म्हणून औषध बदलून मिळाले, तर नावाचा पहिला शब्द जुळला एवढ्यावर थांबू नका. दुसरा शब्दही शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा, आणि शंका आली तर गोळी घेण्यापूर्वी विचारा.