औंढ्याचें यंत्र आणि विश्वोत्पत्तीचा वाद

छत्रपति संभाजीनगराहून जालना, जिंतूर असा रस्ता धरला म्हणजे पुढें हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ हें क्षेत्र लागतें. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंखेरीज या गांवाची वार्ता बाहेर फारशी कोणी घेत नसे. परंतु एप्रिल २०२३ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें येथील ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेसाठीं सुमारें २६०० कोटि रुपयांचा खर्च मंजूर केला. परस्परांशीं काटकोन करणाऱ्या, प्रत्येकीं चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचें हें यंत्र गुरुत्वीय लहरी टिपण्याकरितां योजिलेलें आहे. विश्व कसें झालें या जुन्या वादाशीं त्याचें नातें आहे, आणि तें नातें एका मराठी शास्त्रज्ञाच्या आयुष्यांतून गेलेलें आहे.

या वादांतील सर्वांत प्रसिद्ध शब्द नभोवाणीनें दिला. २८ मार्च १९४९ रोजीं लंडनच्या बी. बी. सी. वरून केंब्रिजचे फ्रेड हॉइल यांचें भाषण झालें. सारें विश्व भूतकाळांतील एका क्षणीं एकदम निर्माण झालें, हें मत सांगतांना त्यांनीं ‘बिग बँग’, म्हणजे मोठा धडाका, असा शब्द वापरला. तो उपहासाचा होता असा समज पसरला. हॉइल यांनीं तो पुढें नाकारला. गंमत अशी, कीं विरोधकानें दिलेलें नांवच त्या मताला कायमचें चिकटलें. स्वतः हॉइल, तसेंच बाँडी व गोल्ड, यांनीं १९४८ सालीं निराळा पक्ष मांडला होता. विश्व प्रसरण पावतें हें खरें. पण मोकळ्या होणाऱ्या जागेंत नवें द्रव्य अत्यंत मंद गतीनें उत्पन्न होत राहतें. म्हणून विश्वाला आरंभ नाहीं, अंतहि नाहीं.

या पक्षाला लाभलेले निष्ठावंत साथीदार म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. १९ जुलै १९३८ रोजीं कोल्हापुरांत त्यांचा जन्म झाला. वडील काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत गणिताचे प्राध्यापक होते व सापेक्षतेचे जाणते अभ्यासक होते. केंब्रिजला हॉइल यांच्या हाताखालीं नारळीकर संशोधन करूं लागले, तेव्हां वाद ऐन रंगांत आला होता. १९६१ मध्यें मार्टिन राइल यांनीं दूरच्या रेडिओ-स्रोतांची गणना पुढें करून स्थिर स्थितीचा सिद्धांत खोटा ठरल्याचें सांगितलें. त्याला उत्तर देण्याच्या कामीं हॉइल यांनीं या तरुण विद्यार्थ्याला जोडीस घेतलें. १९६४ सालीं गुरु-शिष्यांनीं गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, आणि भारतांत नारळीकरांचें नांव घरोघर झालें. पुढल्याच वर्षीं अमेरिकेंत पेंझियस व विल्सन यांनीं आकाशाच्या सर्व दिशांनीं येणारें सूक्ष्म तरंगांचें प्रारण प्रसिद्ध केलें. ही उष्ण आरंभाची उरलेली ऊब, असें बहुतेकांनीं मानलें. पारडें महास्फोटाकडे झुकलें तें झुकलेंच.

नारळीकरांनीं मात्र माघार घेतली नाहीं. १९९३ मध्यें हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनीं सिद्धांताचें सुधारलेलें रूप पुढें आणलें : द्रव्याची निर्मिति एकदांच नव्हे, तर अनेक लहान लहान स्फोटांतून होते. हे स्फोट सर्व दिशांना सारखे नसतील तर त्यांतून गुरुत्वीय लहरी निघाल्या पाहिजेत, हेंहि त्या पक्षानें सांगितलें. बहुसंख्य शास्त्रज्ञांस तें पटलें नाहीं, आणि उपलब्ध पुरावा पाहतां त्यांना दोष देतां येत नाहीं. पण दुसरी बाजूहि निर्वेध नव्हती. मार्च २०१४ मध्यें दक्षिण ध्रुवावरील दुर्बिणीच्या संशोधकांनीं विश्वाच्या आद्य क्षणांतील लहरींची खूण सांपडल्याचें जाहीर केलें. वर्षभरांतच त्या खुणेचें श्रेय आपल्या आकाशगंगेंतील धुळीकडे गेलें.

१९८८ सालीं पुण्यांत ‘आयुका’ ही संस्था स्थापन झाली व नारळीकर तिचे पहिले संचालक झाले. संचालकांचें मत तेंच सर्वांचें, असा दंडक तेथें नव्हता. तेथेंच १९९१ च्या सुमारास संजीव धुरंधर व बी. एस. सत्यप्रकाश यांनीं गोंगाटांतून क्षीण लहर ओळखण्याचें गणित बसविलें. लहर कशी असेल याचे नमुने आधीं तयार ठेवावयाचे, आणि यंत्रांतून येणारी नोंद त्यांच्याशीं ताडून पाहावयाची. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील दोन लायगो यंत्रांनीं सुमारें १३० कोटि प्रकाशवर्षांवरील दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर टिपली. चार किलोमीटरांच्या भुजेंत पडलेला फरक प्रोटॉनच्या रुंदीच्या शतांशाहूनहि कमी होता. त्या लहरीच्या छाननींत अशाच नमुन्यांचा उपयोग झाला.

ही लहर विश्वाच्या आरंभाची नव्हे, आणि औंढ्याचें यंत्रहि आरंभाचा ध्वनि सहजासहजीं ऐकेल असें नाहीं. त्याचें काम अधिक साधें आहे. ऑगस्ट २०१७ मध्यें दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली. तिजवरून त्यांचें अंतर थेट काढतां आलें, व विश्वाच्या प्रसरणाचा वेग स्वतंत्रपणें मोजतां आला. लहर कोणत्या दिशेनें आली हें ठरविण्यास परस्परांपासून दूर असलेलीं यंत्रें लागतात. अमेरिका व युरोपपासून इतक्या अंतरावरील औंढ्याचें महत्त्व तें हेंच.

२० मे २०२५ रोजीं पुण्यांत नारळीकरांचें निधन झालें. औंढ्याच्या भुजा तेव्हां अजून पुऱ्या व्हावयाच्या होत्या.